लहान इंजिन, मोठा भाता



आज मी आपल्याशी मोटारीविषयी चार गोष्टी बोलणार आहे. मोटार हा विषय आता एकट्या शहराचा राहिलेला नाही. तालुक्याच्या बाजारादिवशी चौकात उभं राहून पाहा. पूर्वी जिथे बैलगाड्या सुटत, तिथे आज आखूड लांबीच्या, पण उंच बांध्याच्या मोटारी ओळीने उभ्या दिसतात. त्यांना कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात. कुणी उसाच्या बिलातून घेतलेली असते, कुणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून, तर कुणी बँकेच्या हप्त्यावर. आणि यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या पाठीवर एक शब्द असतो, ‘टर्बो’.

गाडी घ्यायला निघालेला माणूस मला हमखास विचारतो, “अहो, गाडी एवढी थोरली, इंजिन मात्र एवढंसं, आणि त्याला हा टर्बो लावलेला. हे टिकणार का?”

प्रश्न अगदी रास्त आहे. आयुष्यातली मोठी रक्कम जिथे गुंतवायची, तिथे माणसाने विचारलंच पाहिजे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कितीतरी वर्षं मुलांना इंजिनाचं काम शिकवलं. तरीसुद्धा या प्रश्नाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत माझ्या घरच्याच माणसाला मोजावी लागली. ती हकीकत मी सांगणारच आहे. पण आधी टर्बो म्हणजे काय, ते पाहू.

आपण लोहाराची भट्टी पाहिलेली आहे. भाता मंद चालला तर कोळसा नुसता धुमसत राहतो. भाता जोराने ओढला की आच वाढते आणि लोखंड लाल होतं. म्हणजे जाळायला नुसतं जळण असून भागत नाही, हवाही लागते. इंजिनाचं तसंच आहे. सिलिंडरात जेवढी हवा जाईल, तेवढंच पेट्रोल नीट जळेल. साधं इंजिन आपला श्वास आपणच ओढतं. टर्बो हा त्याला जोडलेला भाता आहे. तो हवा दाबून आत कोंबतो. हवा जास्त गेली म्हणजे पेट्रोलही जास्त जाळता येतं आणि त्याच आकाराच्या इंजिनातून जास्त ताकद निघते.

आता तुम्ही विचाराल, हा भाता ओढतो कोण? यातच खरी युक्ती आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एरवी सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्याच्या वाटेत एक लहान चक्र बसवलेलं असतं. वायूच्या झोताने ते फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून आत दाबतं. वाया जाणाऱ्या वायूकडून काम करून घेण्याची ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअराची. तिचं पेटंट त्याने १९०५ साली घेतलं. पुढे जहाजं, रेल्वेची डिझेल इंजिनं, ट्रक यांत ती रुळली. आपली एसटीची गाडी आणि पुष्कळसे मोठे ट्रॅक्टर टर्बोवरच चालतात. तेव्हा टर्बो ही वस्तू खेड्याला नवी नाही. नवी आहे ती लहान पेट्रोल इंजिनावर बसवलेला टर्बो ही गोष्ट.

मग कारखानदारांनी इंजिन मोठंच का नाही केलं? त्याला एक कारण पेट्रोलची बचत हे आहे आणि दुसरं कारण कर हे आहे. २००६ सालच्या केंद्रीय अंदाजपत्रकात लहान गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. लहान गाडी कशाला म्हणायचं, तेही ठरलं. लांबी ४ मीटरपेक्षा जास्त नको, आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसी, डिझेलचं असेल तर १५०० सीसीच्या वर नको. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही रेघ पुसली गेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मापात बसणाऱ्या गाडीवर १८ टक्के आणि मापाबाहेरच्या गाडीवर ४० टक्के कर ठरला. एवढा फरक असल्यावर कारखानदार मापाच्या आतच राहणार, हे उघड आहे. गाडी उंच आणि जड, पण इंजिन १००० किंवा १२०० सीसीचं. ती उणीव भरून काढायला टर्बो आला.

ताकदीतला फरक किती पडतो, तेही सांगतो. १२०० सीसीचं साधं पेट्रोल इंजिन साधारणपणे ८० ते ९० अश्वशक्ती देतं. तेवढंच इंजिन टर्बो लावल्यावर ११० ते १३० अश्वशक्ती देतं. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर खोंड तेवढाच आहे, पण खुराक वाढवून आपण त्याला थोरल्या बैलाचं ओझं ओढायला लावलं आहे. तो ओढतो, चांगला ओढतो. पण मग त्याचं पाणी आणि विसावा चुकवून चालत नाही. थोरला बैल एखादा दिवस उपाशी राहिला तरी निभावून नेईल. या खोंडाचं तसं नाही.

इथे एक शंका येईल. ट्रकचा टर्बो लाखो किलोमीटर चालतो, मग मोटारीच्याच टर्बोची एवढी काळजी कशाला? फरक दोन आहेत. ट्रकचं इंजिन मोठं आणि सावकाश फिरणारं. त्याचा टर्बोही मोठा, आणि मोठं चक्र लहान चक्रापेक्षा सावकाश फिरतं. मोटारीच्या चिमुकल्या टर्बोचा दांडा मात्र जोरात असला म्हणजे मिनिटाला दीड ते दोन लाख फेरे घेतो. खुद्द इंजिनाचा दांडा फार तर सहा हजार फेरे घेत असतो. दुसरा फरक उष्णतेचा. पेट्रोल इंजिनातून निघणारा वायू डिझेलपेक्षा जास्त तापलेला असतो. पुरा भार असताना तो ९०० अंश सेल्सिअसच्याही वर जातो. अशा आगीशेजारी दोन लाख फेरे घेणारा तो दांडा कशाच्या आधारावर फिरतो, ठाऊक आहे? ऑइलच्या एका पातळ थरावर. तो थर केसापेक्षाही बारीक असतो. तो तुटला की धातूला धातू घासतो, आणि मग काही सेकंदांचं काम उरतं.

आता माझी हकीकत सांगतो. माझे एक मावसभाऊ सांगोल्याकडे प्राथमिक शिक्षक आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी जुन्या बाजारातून एक टर्बो पेट्रोलची लहान एसयूव्ही घेतली. गाडी देखणी होती, चालायलाही उत्तम. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचं ठरलं. निघण्यापूर्वी त्यांनी मला फोन केला. म्हणाले, “ऑइल बदलायची मुदत टळून गेलीय. गॅरेजवाल्याकडे गर्दी आहे. थांबू का जाऊ?”

मी म्हणालो, “अण्णा, जीपच्या काळात आम्ही एकेक ऑइल किती ओढत होतो. काही होत नाही. सुट्टी आटपा, मग सावकाश बदला.”

पसरणीचा घाट चढताना ऑइलचा लाल दिवा लागला. मागे मुलं, पुढे वळणं, वाहनांची रांग. वर पोचू आणि मग पाहू, असं म्हणून अण्णांनी गाडी तशीच पुढे नेली. थोड्याच अंतरावर इंजिनाने कर्कश आवाज केला आणि ते जाम झालं. माणसांना इजा झाली नाही, हे नशीब. पुढे इंजिन उघडलं तेव्हा मी स्वतः हजर होतो. तळाशी ऑइल नव्हतं, डांबर होतं. ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी त्या गाळाने बुजून गेली होती. टर्बोचा दांडा हाताने हलवला तर खुळखुळत होता. आधीच्या मालकानेही ऑइलची हयगय केलेली असणार, पण शेवटचा हातभार माझ्या सल्ल्याचा होता. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशातले बरेचसे त्या दुरुस्तीत गेले. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यामुळे मला ते जास्तच लागलं.

मी चुकलो कुठे? जुन्या यंत्राचा अनुभव मी नव्या यंत्राला लावला. जुन्या जीपचं इंजिन मोठं, सैल आणि सोशीक होतं. आपली हयगय ते पोटात घालत असे. हे नवं इंजिन वाईट नाही. पण त्यात माफीला जागा थोडी आहे. श्रोतेहो, आजच्या भाषणातून एवढी एक गोष्ट आपण घरी नेलीत तरी मला पुरे आहे.

मात्र सगळा दोष मालकाच्या माथी मारावा, असंही नाही. कारखान्यांच्या हातूनही चुका झालेल्या आहेत, आणि त्या जगजाहीर आहेत. फोर्ड कंपनीचं १००० सीसीचं तीन सिलिंडरांचं टर्बो इंजिन युरोपात पुष्कळ नावाजलं गेलं होतं. त्याच्या ऑइलपंपाला चालवणारा पट्टा ऑइलमध्ये बुडून फिरतो. वर्षांमागून वर्षं गेल्यावर काही गाड्यांत त्या पट्ट्याचे दाते झडू लागले, तर काहींत पट्टा ताणून धरणारा भाग मोडू लागला. पंप थांबला की ऑइलचा दाब गेला, आणि दाब गेला की इंजिन गेलं. त्याबरोबर ब्रेकला मिळणारी मदतही जाण्याचा धोका होता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या कारणासाठी सुमारे १ लाख ३९ हजार गाड्या परत बोलावण्यात आल्या. त्यांत इकोस्पोर्ट ही लहान एसयूव्ही होती. अमेरिकेत विकली गेलेली ही इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईजवळच्या कारखान्यात तयार होत असे.

दुसरं उदाहरण होंडा कंपनीचं. २०१८ साली चीनच्या थंड उत्तर भागात तिच्या १५०० सीसी टर्बो इंजिनाच्या सीआर-व्ही गाड्यांत ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागली. लोक चकित झाले. कारण असं होतं, की कडक थंडीत, आणि जवळच्या जवळ फेऱ्या करताना, इंजिन पुरतं तापतच नसे. न जळलेलं पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये मिसळत होतं. कंपनीला काही काळ तिथली विक्री थांबवावी लागली आणि लाखाहून अधिक गाड्या परत बोलावाव्या लागल्या. आपल्याकडे तसली थंडी नाही. पण घरापासून दोन किलोमीटरवर शाळा आणि रोजची तेवढीच फेरी, असं असेल तर इंजिन आपल्याकडेही पुरतं तापत नाही. म्हणून ऑइलची पट्टी ओढून पाहताना पातळी खुणेच्या खाली आहे का, एवढंच पाहू नका. ती खुणेच्या वर चढली आहे का, आणि ऑइलला पेट्रोलचा वास येतो का, हेही पाहा.

आता काळजी काय घ्यायची, ते क्रमाने सांगतो. शक्य असेल त्यांनी टिपून घ्यावं.

पहिली गोष्ट ऑइलची. गाडीबरोबर जे पुस्तक मिळतं, त्यात सांगितलेल्या प्रतीचंच ऑइल घाला. डबा सीलबंद असावा आणि त्याची पावती घ्यावी. त्याच पुस्तकात बहुधा खडतर वापराविषयी वेगळी सूचना असते. धूळ, घाट, ओझं आणि जवळच्या फेऱ्या हा सारा खडतर वापर होय. म्हणजे आपल्या खेड्यातला रोजचा वापर खडतरच. अशा वेळी ऑइल नेहमीच्या मुदतीपूर्वी बदलावं लागतं. किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ते बदलायलाच हवं.

दुसरी गोष्ट, सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर पाय दाबू नका. अर्धा मिनिट जाऊ द्या. पहिले दोनतीन किलोमीटर सावकाश चला. थंड ऑइल घट्ट असतं, ते टर्बोपर्यंत पोचायला थोडा अवधी लागतो.

तिसरी गोष्ट, घाट चढून आलात किंवा हमरस्त्यावर जोरात आलात, तर थांबताक्षणी किल्ली फिरवू नका. एक मिनिट इंजिन संथ चालू द्या. कढईत तेल राहिलं आणि खालचा जाळ तसाच राहिला, तर तळाला काळा चिकट थर बसतो, हे आपल्या घरच्या माउलीला विचारा. टर्बोत नेमकं हेच होतं. ऑइल वाहायचं थांबतं, आतलं ऑइल भाजून निघतं आणि त्याचा कोळसा नळीत बसतो. अलीकडच्या पुष्कळ टर्बोंना पाण्याने गार करण्याची सोय असते, त्यामुळे धोका पूर्वीपेक्षा कमी झाला आहे. पण एक मिनिटाने आपलं काय जातं?

चौथी गोष्ट, वरच्या गिअरात इंजिनाला रेटू नका. गाडी चढावर हळू झाली की पेट्रोल वाचावं म्हणून आपण गिअर तसाच ठेवतो आणि पाय दाबतो. सिलिंडरात थेट पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांत अशा वेळी ठिणगी पडायच्या आधीच आतलं मिश्रण पेट घेऊ शकतं. त्याचा हिसका एवढा जबर असतो, की पिस्टन फुटल्याची उदाहरणं आहेत. हे टाळण्यासाठी अमेरिकेच्या पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मे २०२० पासून ‘एसपी’ नावाची ऑइलची नवी प्रत लागू केली. डब्यावर ती अक्षरं पाहून घ्या. आणि चढ लागला की वेळेवर खालचा गिअर टाका.

पाचवी गोष्ट हवेच्या फिल्टरची. दोन लाख फेरे घेणाऱ्या चक्रावर धुळीचा कण बंदुकीच्या छऱ्यासारखा आदळतो. उसाच्या वाहतुकीच्या दिवसांत रस्त्यांवर काय धूळ असते, ते मी सांगायला नको. त्या दिवसांत फिल्टर लवकर तपासा. रेडिएटरमध्ये विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. त्यातल्या क्षारांनी आतल्या वाटा बुजतात. पुस्तकात सांगितलेलं कूलंटच घाला.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ऑइलचा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि इंजिन ताबडतोब बंद करा. इथे एक मिनिट थांबायचा नियम लागू नाही. गाव दिसत असलं तरी पुढे जायचं नाही. गाडी ओढून न्यायचा खर्च काही हजारांत भागतो. इंजिनाचा भागत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांना दोन शब्द. रंग आणि गाद्या पाहण्यापूर्वी ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. पावत्या नसतील, तर गाडी स्वस्त मिळत असली तरी पुन्हा विचार करा. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहा. निळसर धूर आला तर ऑइल जळतं आहे, असं समजा. ऑइल भरायचं झाकण उघडून आत पाहा. काळा गाळ दिसला, तर नमस्कार करून परत या. चालवताना शिट्टीसारखा किंवा खरवडल्यासारखा आवाज वाढत गेला, तर जाणत्या मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या मॉडेलच्या गाड्या कंपनीने कधी परत बोलावल्या होत्या का, तेही विचारा. तसं असेल तर दुरुस्ती फुकट करून मिळते. २०१९ सालच्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. म्हणून दोष आढळला तर गप्प बसू नका. लेखी तक्रार करा आणि तिची प्रत जपून ठेवा.

आणि शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा. मला टर्बो हवाच आहे का? पुष्कळ लहान एसयूव्ही साध्या, बिनटर्बोच्या इंजिनातही मिळतात. ज्यांचा रोजचा प्रवास घर, शाळा आणि शेत एवढाच आहे, त्यांचं काम साध्या इंजिनावर उत्तम भागेल. त्याची दुरुस्तीही सोपी. ज्यांना घाट चढायचे आहेत, चारपाच माणसं आणि सामान घेऊन लांब जायचं आहे, त्यांनी टर्बो खुशाल घ्यावा. तो त्यांना सुख देईल. मात्र त्याच्याबरोबर त्याची शिस्तही घरात आली, हे ध्यानात ठेवावं.

अण्णांची गाडी दुरुस्त झाली, आणि आजही चालते आहे. गाडीत त्यांनी एक वही ठेवली आहे. ऑइल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर ते शाळेच्या हजेरीपटासारखे नेमाने तीत लिहितात. मी त्यांच्या घरी गेलो की ती वही माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, “तपासा, गुरुजी.” मी वही तपासतो, मग बोनेट उघडून ऑइलची पट्टीही ओढून पाहतो.

आपल्याकडे अशी गाडी असेल, तर आज संध्याकाळीच एक वही घ्या आणि पहिली ओळ लिहून टाका.